डावखुऱ्या मुलीला दोन्ही हातांनी लिहायला शिकवावे का?

पहिलीत शिकणाऱ्या एका मुलीला तिची आई दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याकडे घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी डावखुरी होती आणि शाळेत डाव्या हातानेच लिहीत होती. मात्र ‘दोन्ही मेंदू विकसित करून देणाऱ्या’ एका खाजगी वर्गाला तिला घातल्यापासून घरी तोच मजकूर तिला एकदा डाव्या आणि एकदा उजव्या हाताने लिहावा लागत होता. आईचा प्रश्न मला पालकांकडून वरचेवर ऐकायला मिळतो. “मॅडम, डावखुऱ्या मुलांचा उजवा मेंदू जास्त चालतो म्हणतात. मग उजव्या हाताचीही सवय लावली तर दोन्ही बाजू सारख्या तयार होतील ना? सासूबाईंचंही समाधान होईल.” सासूबाईंचा आक्षेप मेंदूशी संबंधित नव्हता, जेवण, प्रसाद आणि लेखन ही तिन्ही उजव्या हातानेच व्हावीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मुलीची तक्रार मात्र निराळी होती. वही समोर आली की तिचे पोट दुखू लागे आणि डॉक्टरांना तपासणीत काहीच आढळले नव्हते. मी तिला लगेच लिहायला न बसवता चेंडू फेकणे, कात्रीने कागद कापणे, बाटलीचे झाकण उघडणे, मणी ओवणे अशी कामे दिली. जवळजवळ प्रत्येक कामात पुढाकार डाव्या हाताचा होता आणि उजवा हात धरण्याचे, आधार देण्याचे काम करत होता. म्हणजे तिच्या हातांविषयी संभ्रम तिला स्वतःला नव्हता. तो घरातल्या मोठ्यांना होता. काही अक्षरे ती आरशात दिसावीत तशी उलटी काढत होती, पण या वयात असे उलटे लेखन उजव्या हाताने लिहिणारी मुलेही करतात, त्यामुळे त्याचा बाऊ करण्याचे कारण नव्हते.

आईच्या प्रश्नातला अर्धा भाग खरा आहे. मेंदूचा डावा अर्धगोल शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचाली प्रामुख्याने सांभाळतो आणि उजवा अर्धगोल डाव्या बाजूच्या. परंतु त्यावरून डावखुरे मूल उजव्या मेंदूने विचार करते असा निष्कर्ष निघत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांत भाषेचे मुख्य काम डावा अर्धगोल करतो आणि डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्के लोकांत तोच करतो. ‘डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा’ ही लोकप्रिय समजूत अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांच्या ज्या संशोधनाचा आधार सांगते, ते अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) उपचारासाठी दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा तंतूंचा जाड पट्टा कापलेल्या रुग्णांवर झाले होते. त्या कामाला १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले; पण ज्यांचा हा पट्टा शाबूत आहे, अशा आपल्यासारख्यांच्या मेंदूत सुमारे २० कोटी तंतूंमधून दोन्ही बाजूंचा व्यवहार अखंड चालू असतो. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वर्षे वयाच्या १,०११ व्यक्तींच्या मेंदूचे स्कॅन तपासले, तेव्हा काही कामे एका बाजूला जास्त होतात असे दिसले, पण एखाद्या माणसाचा सबंध मेंदूच डाव्या किंवा उजव्या वळणाचा असतो याला पुरावा मिळाला नाही. तेव्हा जो मेंदू झोपलेलाच नाही, तो जागा करण्याची फी कशासाठी भरायची, असे मी त्या आईला विचारले, आणि त्या जरा हसल्या.

दोन्ही हात सारखेच चालले म्हणजे बुद्धी वाढली, असेही नाही. फिनलंडमधील सुमारे आठ हजार मुलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोणताही एक हात ठरावीकपणे न वापरणाऱ्या मुलांमध्ये भाषेच्या आणि अभ्यासाच्या अडचणी इतरांपेक्षा अधिक आढळल्या. यातून दोन्ही हात वापरल्यामुळे अडचणी आल्या असे सिद्ध होत नाही, परंतु दोन्ही हात चालणे ही हुशारीची खूण आहे, या जाहिरातीतल्या दाव्याला मात्र त्यातून काहीच बळ मिळत नाही.

मग शरीराच्या दोन्ही बाजूंना व्यायाम द्यायचाच नाही का? अवश्य द्यावा, पण दोन्ही हातांना एकच काम देऊन नव्हे. आपली बहुतेक कौशल्ये हातांच्या श्रमविभागणीवर उभी आहेत: विळीवर भाजी चिरताना, सुईत दोरा ओवताना किंवा तबला-डग्गा वाजवताना दोन्ही हात वेगवेगळे काम करतात आणि तरीही एका लयीत चालतात. हे सहकार्य सरावाने सुधारते. म्हणून मी त्या मुलीला दोन्ही पायांवर आळीपाळीने लंगडी, दोरीवरच्या उड्या, पाय बदलून सूर्यनमस्कार आणि शक्य झाल्यास पोहणे सुचवले. यातून तोल आणि हालचालींचा मेळ सुधारतो. गणिताचे गुण वाढतील असे आश्वासन मी दिले नाही. अलिप्त वाटणाऱ्या दोन बाजू किती जोडलेल्या असतात, हे १८९४ मध्येच अमेरिकेतल्या येल विद्यापीठात दिसले होते: एका हाताला व्यायाम दिला की व्यायाम न केलेल्या हाताची ताकदही काहीशी वाढते.

लिहिण्याचा हात डावाच ठेवायचा, उजव्या हाताचे लेखन ताबडतोब बंद करायचे आणि वर्गही सोडायचा, असे ठरले. त्यानंतरचे खरे काम वहीचे होते. डावखुऱ्या मुलाने वही शरीराच्या मध्यरेषेच्या किंचित डावीकडे ठेवावी आणि वहीचा वरचा भाग उजवीकडे झुकेल अशी ती तिरकी करावी, म्हणजे हात ओळीच्या खालून सरकतो आणि लिहिलेले दिसत राहते. पेन्सिल टोकापासून सुमारे तीन सेंटीमीटर वर धरावी, प्रकाश उजवीकडून यावा आणि बाकावर डाव्या टोकाला बसवावे, नाहीतर शेजाऱ्याशी कोपराची टक्कर ठरलेलीच. देवनागरीत एक जादा अडचण आहे, शिरोरेखेची. ती डावीकडून उजवीकडे ओढताना डावखुऱ्या मुलाला पेन्सिल ढकलावी लागते. शब्द पुरा झाल्यावर रेघ उजवीकडून डावीकडे मारली तरी शब्द तोच राहतो. हे वर्गशिक्षिकेशी बोलल्यावर त्यांनी सहज मान्य केले. कात्रीही डाव्या हाताची आणली गेली.

आजींशी मी वेगळे बोलले. घरातली रीत आणि मुलीचे लेखन यांची सांगड घालण्याची गरज नाही, हे त्यांना पटवायला मला सचिन तेंडुलकरांची आठवण उपयोगी पडली. ते फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने करत आणि लिहितात मात्र डाव्या हाताने. प्रसाद उजव्या हातात देण्याचा आग्रह आजींनी सोडला नाही आणि मीही तो सोडायला लावला नाही, कारण मुलीला त्याचा त्रास नव्हता. लिहिताना हात धरून बदलणे मात्र त्यांनी थांबवले. पोटदुखी कमी होत गेली; अक्षर आजही फारसे सुबक नाही, आणि पहिलीतल्या अक्षराकडून तशी अपेक्षाही नसावी.

ज्यांचे मूल याहून लहान आहे, त्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. हाताची पसंती साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात स्पष्ट होते. पहिल्या वाढदिवसाच्या आधीच बाळ सतत एकच हात वापरत असेल, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली राहत असेल किंवा तो हात कमी हलत असेल, तर ते डावखुरेपण समजू नये आणि बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे. मोठ्या मुलाने अचानक हात बदलला, तरीही हाच सल्ला लागू होतो.