नोट्सचं ॲप : मोठं नको, पक्कं कर

प्रश्न : मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झटपट नोंदी टिपायचं अँड्रॉइड ॲप प्रोजेक्ट म्हणून करतोय. मित्र म्हणतात, ‘अशी ढिगाने आहेत, निदान लॉगिन, क्लाउड, एआय तरी घाल.’ लॅपटॉप ८ जीबीचा आहे. नोकरीसाठी याचा उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण मित्रांचं ऐकलंस तर कठीण आहे. लॉगिन आणि क्लाउडच्या नादात सेमिस्टर संपेल आणि हातात अर्धवट काहीतरी उरेल. ॲपला एकच काम दे : उघडताक्षणी कोरी नोंद आणि वर आलेला कीबोर्ड. सेव्हचं बटणही नको. जमलं तर क्विक सेटिंग्जमध्ये टाइल दे. अँड्रॉइड ७ पासून ती सोय आहे.

कोटलिन (भाषा), कंपोज (स्क्रीन बांधायला) आणि रूम (फोनमधल्या डेटाबेससाठी) एवढं पुरे. टेबलात चार रकाने : आयडी, मजकूर, तयार झाल्याची वेळ, बदलल्याची वेळ. ८ जीबीवर एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन, रडवतो, तेव्हा स्वतःचा फोन जोड. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू कर.

आता घोळ कुठे होतो ते बघ. फोन आडवा केला की स्क्रीन नव्याने बांधली जाते आणि कंपोजच्या नुसत्या ‘रिमेंबर’मध्ये ठेवलेला मजकूर उडतो, तिथे ‘रिमेंबर सेव्हेबल’ वापर. प्रत्येक अक्षराला डेटाबेसमध्ये लिहू नकोस. टायपिंग अर्धा सेकंद थांबलं की लिही, आणि ‘ऑनस्टॉप’ला, म्हणजे ॲप पडद्याआड जाताना, तेवढीही वाट न बघता लिही. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू केलं की सोडलेली स्क्रीन लगेच नष्ट होते; ते चालू करून हे तपास.

पुढे रकाना वाढवशील तेव्हा डेटाबेसचं व्हर्जन वाढव आणि मायग्रेशन (जुनं टेबल नव्या रूपात आणणारा कोड) लिही, नाहीतर आधीचं ॲप असलेल्या फोनवर नवं ॲप उघडताच बंद पडेल. नेटवर यावर डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशनचा एका ओळीचा उपाय मिळतो. त्याने ॲप उघडतं खरं, पण सगळ्या नोंदी पुसून!

मराठी शोधात आणखी एक गंमत आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी साठवला जातो : कुठे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, तर कुठे साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण एका कीबोर्डवरची नोंद दुसऱ्यावरून शोधली तर सापडत नाही. शोधासाठी पाचवा रकाना ठेवून त्यात दोन्ही एकाच रूपात आण. शोधायच्या शब्दालाही तोच नियम लाव.

प्ले स्टोअरची घाई नको. खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस दाखवावे लागतात. तोवर चार मित्रांच्या फोनवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, थेट टाक. कोड गिटहबवर ठेव, कीस्टोअरची फाइल (ॲपवर सही करायची गुप्त किल्ली) मात्र तिथे जाऊ देऊ नकोस. कोडसोबतच्या रीडमी फाइलमध्ये फीचर्सची यादी देण्यापेक्षा ऱ्याचा घोळ कसा सापडला आणि कसा सोडवलास ते दहा ओळींत लिही; मुलाखतीत प्रश्न तिथूनच निघतील.