बाळंतिणीची खोली आणि पश्चिमेची भिंत

प्रश्न : ताई, नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत आम्ही १९८९ पासून राहतो, दुसरा मजला. लेकीचं लग्न झाल्यापासून तिच्या खोलीत अडगळ साठलीय : ट्रेडमिल (त्यावर टॉवेल वाळतात), सासूबाईंची ट्रंक, शिलाई मशीन, थर्माकोलच्या मखराचे तुकडे, तिचा जुना लाकडी पलंग. खोली १० बाय ९. मार्गशीर्षात ती पहिल्या बाळंतपणाला येतेय. पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे येतात. एका कॉन्ट्रॅक्टरने पीओपीचं सिलिंग, वॉलपेपर आणि हायड्रॉलिक बेड धरून १,४०,००० सांगितले. माझ्याकडे २५,००० आहेत, घरात कुणाला न सांगता साठवलेले. एवढ्यात काय होईल? निदान वॉलपेपरने पोपडे तरी झाकले जातील का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : झाकले जातील. जूनपर्यंत.

हसू नका, हे मी स्वतः केलंय. ठाण्यात रंगाच्या दुकानाच्या गल्ल्यावर मी अठ्ठावीस वर्षं बसले. येणाऱ्या प्रत्येकाला ‘आधी ओल बघा’ म्हणून सांगायचे, आणि आमच्या नौपाड्यातल्या घरी २००४च्या दिवाळीत ओल न बघता हौसेने वॉलपेपर लावून घेतला. निळी बारीक फुलं होती. पुढच्या वर्षी २६ जुलैचा पाऊस झाला आणि आठवड्याभरात फुलं भिंतीपासून सुटून ओल्या पापडासारखी लोंबायला लागली. मागे काळी बुरशी. चिकटवायच्या खळीत स्टार्च असतो, बुरशीला तो खाऊच. त्या खोलीत तान्हं बाळ असतं तर काय, हा विचार आता तुमचं पत्र वाचून आला.

तेव्हा वॉलपेपर नको, सिलिंग नको. तुमचं पत्र भाद्रपदात आलंय हे उत्तम झालं, कारण भिंत तपासायला पाऊसच लागतो. दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक घ्या, पोपड्यांजवळच्या बऱ्या जागेवर लावा आणि चारही कडा टेपने बंद करा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे असतील, तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या दमट हवेची करामत. खिडकी आणि पंखा चालू ठेवलात तरी भागेल. पण पाऊस आपल्याकडे नैऋत्येकडून झोडपतो आणि पोपडे पश्चिमेच्या भिंतीला, म्हणून माझी पैज पहिल्यावर.

पाणी भिंतीतले क्षार घेऊन आत येतं, मग उडून जातं, क्षार मात्र रंगाच्या मागे साठतात आणि रंगाला ढकलून काढतात. आतून कितीही महागडा ‘वॉटरप्रूफ’ रंग लावा, तोही असाच ढकलला जाणार. इलाज बाहेरून : प्लास्टरच्या भेगा, छज्जाचा सांधा, खिडकीच्या चौकटीची फट.

आता पैशाची गोष्ट. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, ती दुरुस्ती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायची असते. तुमच्याच न्हाणीघरातून गळत असेल तर मात्र तुमची. प्लास्टिकचा आणि पोपड्यांचा फोटो काढा, अर्ज लिहा आणि सेक्रेटरींकडून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जिन्यात भेटल्यावर तोंडी सांगू नका, जिन्यातलं बोलणं जिन्यातच राहतं. पाऊस थांबला की बाहेरचं काम, मग ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळू द्या. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस रंगारी हाती लागत नाही, लागला तर भाव वाढवून लागतो. आतलं काम तुळशीच्या लग्नाच्या सुमारास काढा. लेक यायच्या आधी तीन-चार आठवडे खिडक्या उघड्या राहतील एवढं बघा. ती मार्गशीर्षाच्या शेवटी आली तर बरं.

खरवडायच्या आधी भिंतीवरून तळवा फिरवा. पांढरी पूड हाताला लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. तो पूर्ण काढा, नाहीतर वरचा रंग पुडीवर उभा राहतो आणि सालीसारखा निघतो. मग पुट्टी, घासणं, प्रायमर आणि साध्यातल्या साध्या प्लास्टिक इमल्शनचे दोन हात.

किती रंग लागेल? घेर ३८ फूट, उंची ९ धरू, म्हणजे ३४२ चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की जेमतेम ३००. पुट्टी केलेल्या भिंतीवर दोन हातांना एक लिटर साधारण ६०-७० चौरस फूट जातो. म्हणजे पाच लिटर : एक चारचा डबा, एक एकचा. छताला वेगळा पांढरा. रंगारी तुम्हाला दहाची बादली सांगेल. का, ते सांगते, आता दुकान बंद झालंय. कंपन्या बादलीत रंगाऱ्यासाठी टोकन टाकायच्या, आता कोड स्कॅन होतो. जितका रंग खपेल तितकं त्याला मिळतं. त्याचा रोजगार तुटपुंजा असतो, मी त्याला नावं ठेवत नाही. पण रंग तुम्ही जाऊन आणा. आणि दुकानदाराला विचारा, ‘चुकलेला रंग आहे का?’ मशीनवर एकदा मिसळलेला रंग कंपनी परत घेत नाही. ज्याला पिस्ता हवा होता आणि मोतिया झाला, त्याचे डबे काउंटरखाली पडून असतात. आम्ही निम्म्याने देऊन टाकायचो. फक्त झाकणावरची तारीख बघा.

एका बाबतीत मात्र हयगय नको. १९८९ची इमारत, म्हणजे ग्रिलवर आणि दारांवर जुन्या ऑइलपेंटचे थर असणार. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. ती धूळ गरोदर बाईच्या आणि तान्ह्याच्या पोटात जाता कामा नये. कोरडं घासू देऊ नका. ओला वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश कागद), घासणाऱ्याला मास्क, नंतर ओल्या फडक्याने पुसणं; झाडू नाही. रंग घट्ट बसला असेल तर न खरवडता वरूनच नवा हात मारा. आणि काम चालू असताना लेक ‘बघायला’ म्हणून येणार असेल तर तिला फोनवर बघू दे.

हायड्रॉलिक बेडचं कसं सुचलं असेल त्या माणसाला? आतलं काही काढायचं तर गादीसकट फळी वर उचलावी लागते; टाके पडलेल्या बाईने ती उचलायची? तिचाच पलंग ठेवा, गादी पिंजून नवी खोळ घाला. गादीसकट उंची १८ ते २० इंच असू द्या, बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. वायरमनकडून पलंगाशेजारी टू-वे स्विच काढून घ्या, म्हणजे दिवा दाराशी आणि पलंगाशी दोन्हीकडून लावता येतो. रात्री पाजायला उठताना ६५०० केल्विनची, म्हणजे पांढऱ्याशुभ्र उजेडाची, ट्यूब पेटवली तर बाळ आणि आई दोघंही टक्क जागी. ३००० केल्विनचा छोटा पिवळसर एलईडी बल्ब लावा.

पडदे विकत घेऊ नका. ट्रंकेत सासूबाईंच्या सुती नऊवारी असतील तर एक काढा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. चार फुटी खिडकीचा पडदा दुमडीसकट दीड-पावणेदोन मीटर खातो. दोन पडदे होऊन पाच मीटरच्या आसपास उरतं, त्याची दुपटी आणि लंगोट शिवा. काठात जरीची तार असेल तर कापून बाजूला ठेवा, बाळाला टोचते. पश्चिमेच्या उन्हाने रंग उडतो, म्हणून पडद्याला मांजरपाटाचं अस्तर. मशीनला तेल घाला. ट्रेडमिल विका. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, ते मखर कशासाठी जपलंय?

माझा हिशेब : भिंतींना १३,०००, पलंग-गादीला ५,०००, विजेला २,५००, पडद्याचा रॉड आणि अस्तर १,०००. उरलेले ३,५०० पुन्हा लपवून ठेवा, बाळंतपणात कुणाला कशासाठी पैसे लागतील सांगता येत नाही.

आणि रंगाची पावती टाकू नका. त्यावर शेडचा नंबर असतो. पुढच्या वर्षी बाळ भिंतीवर काहीतरी काढेल, तुम्ही दुकानात जाल आणि म्हणाल, ‘मागच्या वेळचा तो क्रीम द्या.’ दुकानदार पंचवीस क्रीम काढून समोर ठेवेल. मी ठेवायचे.