जहाज नेमकं कुठं होतं? सुरुवात करणाऱ्यासाठी

भावा, कोल्हापुरात बसून काळ्या समुद्रातली जहाजं तपासता येतात, बिनधास्त सुरू कर. फक्त नकाशावरची जहाजाच्या मार्गाची रेघ बघून लगेच "एखाद्या देशाच्या हद्दीत घुसलं" म्हणू नकोस. नवीन माणूस पहिल्यांदा इथंच फसतो.

ती रेघ एआयएसवरून बनते. एआयएस म्हणजे जहाजानं रेडिओवरून स्वतःबद्दल दिलेली माहिती: नाव, जागा, वेग. ती बंद ठेवता येते, खोटीही घालता येते. जून २०२१ मध्ये ब्रिटिश युद्धनौका 'डिफेंडर' युक्रेनमधल्या ओडेसा बंदराच्या धक्क्याला बांधलेली होती. बंदराच्या वेबकॅमवर ती दिसत होती, आणि त्याच रात्री एआयएसवर मात्र रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियातल्या सेवास्तोपोलजवळ! काही दिवसांनी, २३ जूनला, ती खरोखरच क्रिमियाजवळून गेली आणि रशियाशी वाद पेटला. म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा हवाच: वेबकॅम, उपग्रहचित्र, किनारा दिसणारा व्हिडिओ.

आता आकडे. अक्षांश ४४ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात ४४.५० अंश, कारण एका अंशात ६० मिनिटं. घाईत ४४.३० टाकलंस की जहाज १२ सागरी मैल दक्षिणेला सरकलं. प्रादेशिक समुद्राची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या देशाच्या हद्दीतल्या पाण्याची, कमाल रुंदीही तेवढीच, १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. एका टिंबानं निकाल फिरतो बघ.

वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत लिही. आपली साडेपाच तास पुढं असते.

जहाजाची जागा आणि ते पाणी कुणाचं, हे दोन वेगळे प्रश्न. तू आधी पहिलाच सोडव. रडारचित्रं नंतर शिकू. आधी एखादं साधं मालवाहू जहाज निवड आणि आठवडाभर त्याचा माग काढ.