मस्कतला येतोय, वादी शाबमधे पोहणं सेफ आहे का? सोबत 9 वर्षांची मुलगी आहे. मी नदीकाठचा, मला पोहायचं टेन्शन नाही.

मस्कतमधे 11 वर्षं झाली, शाबला (वादी म्हणजे डोंगरातली दरी, आत पाण्याचे डोह) सात-आठ वेळा तरी गेलोय, त्यामुळे सांगतो सगळं, पण ते 'मी नदीकाठचा' वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. हेच वाक्य माझ्या साडूचं.

साडू सांगलीचा. आयर्विन पुलावरून कृष्णेत उड्या मारल्यात, आणि हे तो प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो. मागे मार्चमधे ते सगळे आले होते, शुक्रवारी शाबला गेलो. हायवेच्या पुलाखालून 1 रियालवाली बोट घेऊन पलीकडे, मग पाऊण तास चाल, खजुराच्या झाडांमधून, फलजच्या (म्हणजे आपला पाटच) कडेकडेने, पुढे नुसते धोंडे. पहिल्या डोहात उतरलो, डोक्यावर लख्ख ऊन, बारीक मासे पायाला चावतायत, पोरं खूश. दरीतून आभाळाची पट्टीच दिसते फक्त, पण त्या पट्टीत आतल्या डोंगराच्या बाजूने काळं दिसायला लागलं. मी म्हटलं चला, बाहेर. साडू पाण्यातनंच, "ओ, इथं वर्षातनं दोन थेंब पडतात, आम्ही कृष्णेचा पूर बघितलाय."

अरे बाबा, कृष्णेचा पूर सांगून येतो. कोयनेतून पाणी सोडलं की आकडे येतात, लोक पुलावर पातळी बघायला जातात, घरातलं सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. इथे डोंगर नागडे, ना माती ना गवत, पाणी मुरणार कुठे, पडलं की सरळ खाली. पाऊस 20 किलोमीटर आत पडतो, तुमच्या डोक्यावर ऊनच असतं, आणि दोन्ही बाजूला भिंती, चढायला जागा नाही. 14 एप्रिल 2024 ला इथेच ओमानमधे, समद अल शानकडे, शाळेच्या मुलांची गाडी पुरात वाहून गेली, ती पोरं काय पोहायला गेली नव्हती.

तर मी सगळ्यांना बाहेर काढलं. मेहुणी चिडली, बायको म्हणाली दाजी एवढ्या लांबून आलेत, पोरांनी रडून गोंधळ घातला, शेवटची गुहा राहिली ती राहिलीच. आणि पूर आला का? नाही आला. थेंब नाही पडला. तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर कुणीही ढगाचा फोटो टाकला की खाली मला टॅग. पण परत बोटीपाशी आलो तेव्हा बोटवाला नवीन लोकांना पलीकडून आणतच नव्हता, हे मी स्वतः बघितलंय. साडूचं म्हणणं तो जुम्म्याच्या नमाजाला निघाला होता.

असो, तुमचं. पुढच्या डोहांमधे मोठ्या माणसाचेही पाय टेकत नाहीत, आणि गुहेत शिरायला जेमतेम डोकं जाईल एवढीच फट आहे. मुलीला लाईफ जॅकेट घाला आणि पहिल्या डोहावर थांबा, हट्ट केला तरी. चपला नकोत, ग्रिपचे बूट घाला, दगड शेवाळलेले असतात. वरून उड्या अजिबात नाही, तुम्ही पण नाही. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काड्या-पाला वाहत यायला लागला तर बॅगा सोडा आणि वर चढा. फोरकास्ट मस्कतचा नाही, आतल्या डोंगराचा बघा, दरीत रेंज नसते म्हणून निघायच्या आधीच. पोहताना टीशर्ट आणि गुडघ्यापर्यंत पँट, गाववाले पण असतात तिथे.

उगाच घाबरवत नाहीये हां, कोरड्या दिवशी मस्तच आहे ते, बहुतेक दिवस कोरडेच असतात. मुलगी चालायला कंटाळत असेल तर सरळ वादी बनी खालिदला जा, पार्किंगपासून डोह जवळ आहेत.

साडू डिसेंबरात परत येतोय, गुहा राहिलीय म्हणे. त्याच्यासाठी एक्सएल जॅकेट आणून ठेवलंय, अजून सांगितलं नाहीये.