लेक निघाली टोकियोला

प्रश्न : लेक अकरावीत आहे. मे महिन्यात विद्यार्थ्यांच्या गटासोबत टोकियोला निघालीये. आम्ही शाकाहारी. पहिले दिवस कसे निभतील?
– एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, माझा मुलगाही असाच गेला होता. पहिल्याच रात्री फोन, "आई, झोप येत नाहीये!" येणार कशी? जपान आपल्या साडेतीन तास पुढे. तिथले अकरा म्हणजे आपले साडेसात. आणि मे महिन्यात तिथे साडेचारच्या सुमारास उजाडतं.

खरी काळजी जेवणाची. मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, दिसतं साधं, पण त्यात बहुधा माशाचा अर्क, 'दाशी', असतो. "मांस, मासे, माशाचा अर्क चालत नाही" हे जपानीत लिहून तिच्या पाकिटात ठेवाच. मेतकुटाची पुडी द्या. आणि हो, आपल्या चार्जरची गोल पिन तिथे बसत नाही. दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या. रोज मात्र तुम्ही फोन करू नका, तिला करू द्या.