भोवळ, घेरी, चक्कर, अंधारी: फरक आहे का?

प्रश्न असा आला आहे: सासूबाई 'भोवळ येते' म्हणतात, तर डॉक्टर 'म्हणजे नेमकं काय होतं?' असं उलट विचारतात. या शब्दांत खरंच फरक आहे का?

चक्कर, घेरी आणि भोवळ या तिन्हींच्या मुळाशी फिरणंच आहे. चक्कर चक्रावरून, घेरी घेरावरून, आणि भोवळ संस्कृत 'भ्रम्'च्या घराण्यातली, भोवऱ्याची भाऊबंद. पण बोलताना आपण हा अर्थ केव्हाच सैल केला. 'उन्हात चक्कर येऊन पडला' म्हणतो तेव्हा काहीच फिरलेलं नसतं, शुद्ध हरपलेली असते. उपाशीपोटी हातपाय गळाले तरी चक्कर आणि चालताना झोक गेला तरी चक्करच. म्हणून डॉक्टरांचा प्रश्न रास्त आहे.

'अंधारी' मात्र आपल्या अर्थाला घट्ट धरून आहे. झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे काळोख येतो, तो बहुधा रक्तदाब घसरल्यामुळे. डॉक्टर आडवं झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब मोजतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर कारण तिथे शोधायचं.

खोलीच फिरते असं वाटत असेल तर माझ्या मते 'गरगरतं' हा सर्वांत नेमका शब्द. याचं नेहमीचं कारण आतल्या कानात असतं. तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मग कूस बदलली किंवा मान वर केली की गरगरायला लागतं आणि बहुतेक वेळा मिनिटाच्या आत थांबतं. तपासताना डॉक्टर मान एका बाजूला वळवून पटकन मागे झोपवतात आणि बुबुळं कशी थरथरतात ते पाहतात. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी. कण मूळ जागी नेण्यासाठी डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची एप्ली पद्धतही आहे. अनेकांना तेवढ्यानेच आराम पडतो.

तरीही सगळा भार शब्दावर टाकू नये. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना काही मिनिटांनी पुन्हा विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी चक्करेचा वेगळाच प्रकार सांगितला. कधी येते, कशाने येते आणि किती वेळ टिकते, ही उत्तरं जास्त भरवशाची ठरतात. सासूबाईंनी भोवळच म्हणावं, फक्त पुढे जोडावं: 'डाव्या कुशीवर वळले की येते, अर्ध्या मिनिटात जाते.' सोबत ऐकू कमी येतं का, कानात आवाज होतो का, नवीन गोळी सुरू झाली का, हेही सांगावं.

भोवळीबरोबर तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर शब्द शोधत बसू नका. पक्षाघात असू शकतो. तडक रुग्णालयात न्या.