नायक तिचा फोन तपासतो, हे प्रेम की मालकी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमच्या कथेतला नायक नायिकेचा फोन तपासतो, ती एका जुन्या मित्राशी बोलली की दोन-दोन दिवस अबोला धरतो. तुमच्या मते त्याचं तिच्यावर जिवापाड प्रेम आहे, पण एका वाचकाने ‘हे प्रेम नाही, मालकी आहे’ असं कळवलं. मग गोष्टीतल्या प्रेमात हा फरक ओळखायचा कसा?

मला तुमच्या वाचकाचं पटतं. पण तुम्हाला ते प्रेम का वाटतं हेही कळतं, कारण कित्येक वर्षं मलाही तसंच वाटायचं. पंधरा-सोळाव्या वर्षी वाचलेल्या कादंबऱ्यांत नायकाने नायिकेचं मनगट घट्ट धरलं, ‘तू फक्त माझी आहेस’ म्हणाला, की मी ते पान दुमडून ठेवायचे. ‘तो फार पझेसिव्ह आहे गं’ हे आम्ही मैत्रिणी एकमेकींना तक्रार म्हणून सांगत नसू. त्यात मिरवणं असायचं.

हे गोड वाटण्याचं कारण गोष्ट सांगण्याच्या रीतीत आहे. लेखक आपल्याला नायकाच्या मनात नेऊन बसवतो. त्याची रात्र-रात्र जागून झालेली तळमळ आपण वाचलेली असते, त्याचं एकाकी बालपण आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे तो दार अडवून उभा राहिला तरी आपण घाबरत नाही, कारण तो तिला इजा करणार नाही अशी आपली खात्री झालेली असते. शेवट गोड होणार, हाही अंदाज असतो. तिला मात्र यातलं काहीच माहीत नसतं, तिच्यासमोर फक्त अडवलेलं दार असतं. तुम्ही तुमच्या नायकाला आतून ओळखता, म्हणून फोन हातात घेतलेल्या त्या माणसात तुम्हाला धास्तावलेला प्रियकर दिसतो. तुमच्या वाचकाने बहुधा तो प्रसंग तिच्या जागी बसून वाचला.

भावना किती तीव्र आहे यावरून काही ठरत नाही. मत्सरावरूनही नाही, मत्सर चांगल्या माणसालाही होतो. मी वाचताना एवढंच बघते की तिच्या मनात त्याच्या इच्छेहून वेगळं काही आहे, असू शकतं, हे लक्षात आल्यावर तो काय करतो.

महाभारताच्या वनपर्वातली नल-दमयंतीची गोष्ट मला यासाठी पुन:पुन्हा आठवते. नल स्वयंवराला निघालेला असताना इंद्र, अग्नी, वरुण आणि यम त्याला वाटेत गाठतात. ते आधी वचन घेतात आणि मग काम सांगतात: दमयंतीकडे जा आणि आमच्यापैकी एकाला वर असं तिला सांग. ज्याचा स्वत:चा जीव तिच्यात अडकलाय, त्याने तिला दुसऱ्यांची मागणी नेऊन द्यायची! आणि तो ती प्रामाणिकपणे नेऊन देतो, देवांना वरण्यातच तुझं भलं आहे असंही समजावतो. ती म्हणते, मी तुम्हालाच वरणार. स्वयंवरात चारही देव नलाचं रूप घेऊन बसतात. समोर पाच नल. तेव्हा दमयंती देवांनाच विनवते, आणि ते आपल्या खुणा प्रकट करतात: त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळा टवटवीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. उरलेल्या एकाला सावली आहे, घाम आहे, अंगावर धूळ आहे, त्याची माळ कोमेजली आहे. ती त्याच्याच गळ्यात माळ घालते. माणसाला त्याच्या घामाधुळीसकट ओळखून निवडणं याहून सुंदर मी फारसं कुठे वाचलेलं नाही.

पण मला शिकवलं ते या गोष्टीच्या उत्तरार्धाने. हाच नल पुढे द्यूतात राज्य घालवतो आणि अरण्यात झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र कापून घेऊन तिला एकटीला सोडून जातो. आपल्याविना ती माहेरी तरी पोचेल, अशी स्वत:ची समजूत घालतो. कालांतराने ती त्याला शोधून काढण्यासाठी दुसऱ्या स्वयंवराचा निरोप पाठवते, आणि नल ऋतुपर्ण राजाचा सारथी बाहुक बनून, रूप पालटलेल्या अवस्थेत, तिथे येतो. दमयंतीला शंका येते. ती दासी केशिनीला त्याच्यावर नजर ठेवायला सांगते, त्याने शिजवलेलं अन्न मागवून चव घेते, मुलांना त्याच्याकडे पाठवते. आणि भेट झाल्यावर नल काय करतो? पतिव्रता स्त्री दुसरा पती कसा काय वरायला निघते, असा जाब विचारतो. झोपेत टाकून गेलेला तोच, आणि जाब विचारणाराही तोच. शेवटी वायुदेवाला तिच्या शुद्धतेची ग्वाही द्यावी लागते.

तपासणी इथे दोघेही करताहेत, हे बघा. दमयंतीची सगळी खटपट हा माझाच माणूस आहे का, हे ओळखण्यासाठी आहे. नलाला हिशेब हवाय. म्हणजे ज्या माणसाने पूर्वी स्वत:च्या विरुद्ध जाईल अशी निवडही तिच्या हाती ठेवली, त्याच्याच तोंडी पुढे मालकाची भाषा येते. त्यामुळे अमुक नायक प्रेमळ आणि तमुक मालकी गाजवणारा, अशी वाटणी करण्यापेक्षा मी एकेका प्रसंगाकडे बघते. तुमचा नायक फोन उघडतो तेव्हा त्याला तिला ओळखायचंय की तिच्याविरुद्ध काही सापडायला हवंय?

त्याच महाभारतात अंबेचा शाल्व आहे. भीष्माने तिला स्वयंवरातून पळवून आणलं, पण माझं मन शाल्वावर आहे असं तिने सांगितल्यावर जाऊ दिलं. ज्याच्यासाठी ती परत गेली त्या शाल्वाने मात्र ‘तुला दुसऱ्याने जिंकलं’ म्हणून दाराशी आलेल्या अंबेला नाकारलं. तिने काय निवडलं, हा मुद्दा त्याच्या लेखी नव्हताच.

नकार ऐकता येणारा नायक हवा असेल तर जेन ऑस्टिनच्या 1813 मधल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला डार्सी बघा. एलिझाबेथ त्याला सडकून नकार देते. तो दुसऱ्या दिवशी पत्र देतो, पण मागणी पुन्हा घालत नाही. पुढे तिच्या बहिणीची अब्रू वाचवायला स्वत:चा पैसा ओततो आणि ते तिला कळू नये अशी काळजी घेतो, कारण उपकाराच्या ओझ्याखाली मिळालेला होकार त्याला नको असतो. दुसऱ्यांदा विचारतो तेव्हाही आधी सांगतो की तुझं मन बदललं नसेल तर तसं सांग, मी हा विषय पुन्हा काढणार नाही.

मालकीचं चित्रण करूच नये असं मी म्हणत नाही. एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’मधला (1847) हीथक्लिफ आपल्या मेलेल्या प्रेयसीची, कॅथरिनची, शवपेटीसुद्धा उघडतो, आणि ती कादंबरी थोर आहे. अनेकांनी त्याला आदर्श प्रियकर ठरवलं, तो दोष पुस्तकाचा नाही. त्याने सूडापोटी लग्न करून आणलेल्या इझाबेलाने त्याच्यात प्रेमकथेतला नायक पाहिला, यावर खुद्द हीथक्लिफच तिची खिल्ली उडवतो. लेखिकेला नेमकं ठाऊक होतं ती काय लिहितेय.

म्हणून फोनचा प्रसंग काढून टाकू नका. तो एकदा पूर्ण तिच्या बाजूने लिहून बघा: अंघोळ करून ती बाहेर येते आणि तिचा फोन त्याच्या हातात आहे. ती काय बोलते, काय गिळून टाकते, पुढच्या वेळी त्या मित्राचा फोन आला तर ती दुसऱ्या खोलीत जाते का? ती जपून बोलायला लागली असेल तर तिच्याविषयी त्याला आता आधीपेक्षा कमी कळतंय, आणि हे त्याला जाणवतं की नाही, यावर तुमची कथा कुठे वळते ते ठरेल.

अजून एक. तुमच्या नायकाला त्या मित्राचं नाव माहीत आहे, त्यांच्यात किती वाजता किती वेळ बोलणं झालं हेही माहीत आहे. त्या दोघांची मैत्री कशी झाली, हे त्याने तिला कधी विचारलंय का? तो प्रसंग लिहिलात तर मला नक्की वाचायला द्या.